पदवीधर पंतोजी

गेल्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीजेच्या सकाळी आमच्याकडे मंडळी फराळाला जमली होती. करंज्यांचे कौतुक झाले, चिवड्यात तिखट कमी पडल्याची तक्रार झाली, आणि एवढ्यात धाकट्या भावाची मुलगी बशी बाजूला सारून माझ्यापुढे येऊन बसली. मुलगी हुशार. बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. केलेले. चेहऱ्यावर मात्र सणाचा मागमूस नव्हता.

‘‘काका, तुम्ही पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत. मला एवढंच सांगा, जी मुलगी नववीला बीजगणित शिकवायला चालते, ती पहिलीला बेरीज शिकवायला का चालू नये?’’

प्रश्नाला निमित्त होते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचे. प्रकार असा की, पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायला पूर्वीपासून डी.एड. लागत असे; हल्ली त्याला डी.एल.एड. म्हणतात. २८ जून २०१८ ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने अधिसूचना काढली आणि बी.एड. झालेल्यांनाही त्या वर्गांचे दार उघडले. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा एक जोड-अभ्यासक्रम तेवढा करायचा होता. ११ ऑगस्ट २०२३ ला न्यायालयाने ते दार बंद केले. बी.एड. हे मोठ्या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण आहे, लहानग्यांना शिकवण्याचे नाही, आणि घटनेने मुलाला दिलेला शिक्षणाचा हक्क हा चांगल्या शिक्षणाचा हक्क आहे, असा त्या निकालाचा थोडक्यात आशय. त्यापूर्वी ज्यांच्या नेमणुका झाल्या होत्या त्यांना पुढे अभय मिळाले. आमची पुतणी त्यांत बसत नव्हती.

‘‘म्हणजे बारावीनंतर दोन वर्षं शिकलेली मुलगी चालते, आणि पाच वर्षं कॉलेजात घासलेली मी चालत नाही!’’ ती म्हणाली.

घरातल्या साऱ्यांनी तिची बाजू घेतली. मी मात्र गप्प राहिलो. वाचकहो, मी गप्प राहिलो याचे कारण असे की, मीही पदवीधर पंतोजीच होतो; आणि पदवीच्या जोरावर मी पहिल्याच वर्षी जो पराक्रम केला, तो आजवर घरात कुणाला सांगितलेला नव्हता. त्या दिवशी तिला सांगितला. आज तुम्हांला सांगतो.

मी सातारा जिल्ह्यातला. १९८५ साली पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. वर्ग पहिला. नोकरी कुठेच लागेना, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘डी.एड. कर, सरकारी भाकरी मिळेल.’’ केले. १९८७ च्या जूनमध्ये जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा कागद आला. जिल्हा गडचिरोली! चंद्रपूरपासून वेगळा होऊन त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. आमच्या आईने नकाशात बोट ठेवायला सांगितले आणि बोट कुठवर जाते ते पाहून डोळ्यांना पदर लावला.

गाव एटापल्ली तालुक्यात होते. तीस-एक घरे, सभोवती साग आणि मोह, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की जगाशी संबंध तुटला. शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. तिसरी-चौथी थोरल्या गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. थोरले गुरुजी त्याच भागातले, स्वतः गोंड समाजातले. शिक्षण सातवी पास आणि जुन्या मध्यप्रांतातल्या पद्धतीने ‘नॉर्मल’ केलेले. निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. त्यांनी माझी ट्रंक उचलू लागत मला विचारले, ‘‘मास्तर, तुमी बीएस्सी हाय म्हंते? मंग इतक्या दूर काहून आले जी?’’ त्यांच्या आवाजात थोडा आदर होता, थोडी कीव होती. मला फक्त आदर ऐकू आला.

पहिला दणका महिन्याभरात बसला, तो गणितात. दुसरीला वजाबाकी घेतली होती. बेचाळीसातून सतरा. मी फळ्यावर झोकात सांगितले, ‘‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून एक घ्यायचा, त्याचे दहा होतात.’’ एका मुलीने तोंड उघडून विचारले, ‘‘एकाचे दहा कसे?’’ शब्द नीटसे मराठी नव्हते, पण प्रश्न कळला. कॉलेजात मी कलनशास्त्राची पाने भरली होती; पण एकाचे दहा कसे होतात, हे कधी कुणाला सांगावे लागले नव्हते. मी म्हणालो, ‘‘तसा नियम आहे.’’

मधल्या सुट्टीत थोरले गुरुजी आले. खिशातून सुतळीने बांधलेल्या दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या काढून त्यांनी त्या मुलीच्या पुढ्यात ठेवल्या. गोंडीत काहीतरी बोलले. मुलीने दोन सुट्या काड्या पाहिल्या, मान हलवली, एक जुडी सोडली आणि सात काड्या बाजूला काढल्या. पुढचे मला सांगायला नकोच. ही सारी मुले उन्हाळ्यात आईबापांबरोबर तेंदूची पाने मोजून त्यांचे पुडे बांधणारी. बांधलेले सोडले की सुटे होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. जो नियम मी देवाज्ञेसारखा सांगत होतो तो त्यांच्या रोजच्या हातातला होता.

इथवर गोष्ट हसण्यावारी नेता येते. पुढची नेता येत नाही.

पहिलीत खिडकीजवळ एक मुलगा बसे. सहा-साडेसहा वर्षांचा, कमरेला करगोटा, डोळे मोठे. एके दिवशी मी भिंतीवर प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता लावला आणि एकेकाला उठवून विचारू लागलो. दुसरीत बहिणभाऊ असलेली पाच-सहा मुले पाठ करून आल्यासारखी उत्तरे देऊन गेली. याची पाळी आली. मी कुत्र्याच्या चित्रावर छडी ठेवली.

‘‘हे काय?’’

‘‘नाय,’’ तो म्हणाला.

‘‘नाय काय? नीट बघ. हे काय आहे?’’

‘‘नाय.’’

‘‘हा कुत्रा आहे. म्हण, कुत्रा.’’

त्याने चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मला समजावून सांगावे अशा आवाजात, सावकाश, तिसऱ्यांदा म्हणाला, ‘‘नाय.’’

मला वाटले, पोरगा उर्मट आहे. मी त्याला मधल्या सुट्टीपर्यंत कोपऱ्यात उभे केले. संध्याकाळी नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा लिहिला: ‘मंद. लक्ष नाही. सूचना पाळत नाही.’ बालमानसशास्त्रात मला शंभरापैकी एकाहत्तर गुण होते.

आठवड्याभराने तो शाळेत यायचा थांबला. चौकशी केली तेव्हा कळले की गुरांमागे जातो. मी गैरहजेरीच्या फुल्या मारत राहिलो. आता ऐकण्यासारखी गंमत पुढेच आहे. दोनच वर्षांपूर्वी डी.एड.च्या परीक्षेत मी ताराबाई मोडकांवर पान-दीड पान उत्तर लिहिले होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर बाई. १९४५ साली बोर्डीला आल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळेचे फायदे मी मुद्देसूद लिहिले होते, खाली रेघा ओढल्या होत्या. आणि माझा स्वतःचा विद्यार्थी शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या कुरणात गुरे चारीत होता, तेव्हा मला कुरणशाळा आठवली नाही! फुल्या मारण्याचे तेवढे आठवले.

तीन आठवडे असेच गेले. एक दिवस भर वर्गात एक मरतुकडा कुत्रा व्हरांड्यातून आत शिरला. मुली पाय वर घेऊन ओरडू लागल्या, ‘‘नाय! नाय!’’ मी म्हणालो, ‘‘नाही काय? हाकला त्याला.’’ पोरे हसू लागली. शेजारच्या खोलीतून थोरले गुरुजी धावत आले, कुत्र्याला हुसकावले आणि जाऊ लागले. मी त्यांना थांबवले.

‘‘गुरुजी, नाय म्हणजे काय हो?’’

‘‘कुत्रा जी. गोंडीत कुत्र्याले नाय म्हंते.’’

माझ्या पोटात खड्डा पडला. तो मुलगा एकदा नव्हे, तीनदा बरोबर उत्तर देत होता. शेवटच्या वेळी तर तो मास्तरला शिकवत होता. आणि त्याच्या बरोबर उत्तराला मी ‘मंद’ असा शेरा मारून मोकळा झालो होतो.

‘‘तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?’’ मी जरा चिडूनच विचारले.

गुरुजींना खरेच नवल वाटले. ‘‘तुमी इचारलं नाही. बीएस्सी मानूस हाय, मले वाटलं तुमाले मालूम असन.’’

त्या रात्री कंदील मालवला तरी झोप आली नाही. आणि वाचकहो, आठवण झाली ती माझ्याच कॉलेजातल्या पहिल्या दिवसांची. मी खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेला. अकरावीला शास्त्र शाखा, सारे इंग्रजीत. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी पंधरा-वीस मिनिटे झपाट्याने काहीतरी सांगितले आणि एकदम माझ्याकडे बोट करून विचारले, ‘‘डू यू फॉलो?’’ फॉलो म्हणजे मागोमाग जाणे, असा अर्थ माझ्या शाळेच्या वहीत लिहिलेला होता. मला वाटले, सर मला मागोमाग बोलावत आहेत. मी बाक सोडून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. ऐंशी मुलांचा वर्ग हसला, सरही हसले. मी जागेवर येऊन बसलो आणि त्यानंतर वर्षभर त्या वर्गात तोंड उघडले नाही. सरांनी मला नक्कीच ‘मंद’ समजले असेल. मी मंद नव्हतो. माझ्याजवळ त्या शब्दाचा दुसरा अर्थ होता, इतकेच.

कॉलेजने मला पहिलीच्या वर्गासाठी जर कसली तयारी करून दिली असेल, तर ती त्या शेवटच्या बाकावर. सगळे बोलतात, आपल्याला कळत नाही, विचारायची लाज वाटते, आणि जे आपल्याला येते ते इथे चालत नाही. हे मी वर्षभर भोगले होते. पण पदवीच्या कागदाबरोबर ते सारे मी विसरून गेलो. कळू लागल्यावर न कळण्याची आठवण पुसून टाकायची, हीच बहुतेक शिकलेल्या माणसांची रीत.

दुसरी गोष्ट आठवली ती प्रयोगशाळेतली. व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला की पहिला धडा असा: आधी मोकळा जबडा मिटून बघा, शून्य शून्यावर येते का. येत नसेल तर खोट उपकरणात आहे. तेवढी वजा केल्याशिवाय मोजलेल्या वस्तूबद्दल काही बोलू नका. चार वर्षे मी हे इमानाने केले. आणि जिवंत मुलाची मोजणी करताना माझे शून्य कुठे आहे, हे एकदाही तपासले नाही. माझ्या कानाचे शून्य सातारी मराठीवर होते. ‘नाय’ म्हटले की त्याला ‘नाही’च ऐकू येणार!

पुढे थोडे वाचले तेव्हा समजले की गोंडीचे कूळच मराठीपेक्षा निराळे, द्राविडी. तिचे नातेवाईक तेलुगू, कन्नड, तमीळ. कन्नडमध्येही कुत्र्याला नायी म्हणतात. म्हणजे आमच्या साताऱ्याहून दक्षिणेला दोन जिल्हे ओलांडून गेलो असतो, तरी हा शब्द कानावर पडला असता! पण तेव्हा हे ज्ञान नव्हते. रविवारी सकाळी गुरुजींकडून पाचदहा शब्द पाठ केले. पाणी म्हणजे येर, एक म्हणजे उंदी, असे. आणि त्या मुलाच्या घरी गेलो.

त्याच्या आजीने खाट टाकली. मी ‘येर’ मागितले. माझा उच्चार ऐकून घरातल्या पोरी तोंड दाबून हसल्या. मुलगा मोहाच्या झाडामागे उभा होता. अंगणात त्यांचा कुत्रा पडला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवले आणि मुलाला म्हणालो, ‘‘नाय.’’

तो हसला नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘कुत्रा.’’

कोपऱ्यात उभ्याउभ्या त्याने माझा शब्द पहिल्याच दिवशी शिकून घेतला होता. मला त्याचा शब्द शिकायला तीन आठवडे लागले होते.

चार-सहा दिवसांनी तो शाळेत आला. मी शेरा खोडला. पुढे वाचायला शिकला, हिशोब तर गुरुजींच्या काड्यांवर झरझर करू लागला. पण एक खोड त्याला लागली ती लागलीच. उत्तर देण्यापूर्वी तो दर वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघे. आपल्याला माहीत असलेले बोलायची परवानगी आहे का, असे विचारल्यासारखे. चौथी पास झाला. पाचवीसाठी आश्रमशाळेत जावे लागे, ती दूर. तो गेला नाही. गावात पुष्कळ मुले जात नसत, हे खरे आहे. पण त्याच्या न जाण्यात माझा वाटा किती, हा हिशोब मला अजून सुटलेला नाही.

माझी गोष्ट संपली तेव्हा पुतणीचा चहा निवला होता. ती म्हणाली, ‘‘म्हणजे काका, कोर्टाचं बरोबर, माझी पदवी फुकट. असंच ना?’’

तसे नाही, मी म्हणालो. डी.एड. मीही केले होते आणि त्यात मला एकाहत्तर गुण होते. त्याने तो मुलगा वाचला नाही. आणि थोरल्या गुरुजींनाही मी देव मानत नाही. पृथ्वी का फिरते, ग्रहण कसे लागते, हे चौथीतल्या पोरांनी विचारले की ते मला हाक मारीत, आणि मग मी टॉर्च, चेंडू आणि लिंबू घेऊन जात असे. त्या दिवशी माझी पदवी भरून पावे. ज्याला विषय खोलवर येतो त्यालाच तो सोपा करून सांगता येतो. पण त्याआधी समोरचा कुठे उभा आहे ते बघायला तिथवर चालत जावे लागते. हे चालणे निराळे शिकावे लागते, आणि सहा महिन्यांच्या जोड-अभ्यासक्रमात ते येईल असे मला वाटत नाही. निकालात मला कळलेले तथ्य एवढेच.

ही गोष्ट काही नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक कसा असावा ते सांगून ठेवले आहे. तो शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेला असावा, त्याला पगार बरा मिळावा, आणि शक्यतो तो शेतकऱ्यांतलाच असावा, गरज पडल्यास नांगर धरू शकणारा. कारण असा माणूसच त्या मुलांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. शिक्षण हक्क कायदाही, शक्य असेल तिथवर, मुलाच्या मातृभाषेतून शिकवा असेच सांगतो. मी एटापल्लीला गेलो तेव्हा ते कलम एकतीस वर्षांचे झाले होते, आणि गोंडी मुलांच्या वर्गावर सरकारने सातारचा बी.एस्सी. पाठवला होता. गोंडीचा एक शब्द त्याला कुणी शिकवला नाही, आणि त्यानेही विचारला नाही.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे बारावीनंतरचा चार वर्षांचा जोड बी.एड. आला आहे. पदवी आणि शिक्षकी एकत्र शिकायची, आणि त्यात लहान मुलांच्या पायाभूत वर्गांसाठी निराळी वाट आहे. कल्पना चांगली आहे. माझी मागणी एकच: त्या चार वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला ज्या भाषेचा एक शब्दही येत नाही अशा भाषेच्या शाळेत महिनाभर जमिनीवर बसवा. शिकवायला नव्हे, शिकायला. आणि परत आल्यावर त्याला विचारा, ‘‘तिथल्या मास्तरांनी तुला मंद म्हटलं का?’’

पुतणीने दोन दिवसांनी फोन केला. डी.एल.एड.चा अर्ज भरायचे तिच्या मनात होते. दोन वर्षे जाणार म्हणून कुरकुर होती, पण राग उतरला होता. फोन ठेवता ठेवता तिने विचारले, ‘‘काका, त्या मुलाला तुम्ही कधी सांगितलंत का, की चूक तुमची होती म्हणून?’’

मी सांगितले नव्हते. शेरा खोडला, तेवढ्यावर भागले असे मी धरून चाललो होतो. तो मुलगा आता चाळिशीच्या पुढे असेल. त्याची मुले शाळेत जात असतील, आणि त्यांच्यापुढेही कुणीतरी मास्तर चित्रावर बोट ठेवून विचारीत असेल, ‘‘हे काय?’’

त्या मास्तरला माझे एवढेच सांगणे आहे. उत्तर चुकले असे वाटले, तर छडी उचलण्यापूर्वी शेजारच्या खोलीत जाऊन विचारून या. मला एवढे करायला तीन आठवडे लागले, आणि शेजारची खोली दहा पावलांवर होती.